कान काढायचे राहिले

आमच्या इचलकरंजीत दोन माणसं कुजबुजत बोलताना दिसली, तर ती परगावची समजावीत. मागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेला आमचा माणूस घरी ताटावर बसूनही मीठ ओरडूनच मागतो. मी पस्तीस वर्षं माग चालवतोय आणि बारा वर्षं आमच्या कामगार संघटनेचा सेक्रेटरी आहे, तेव्हा माझा आवाज केवढा असेल याचा अंदाज वाचकांनीच बांधावा. नवी मुंबईत दहा दिवसांचं शिबिर आहे, आठ देशांतले संघटनेचे कामगार एकत्र येऊन एकमेकांकडून शिकणार आहेत, अशी चिठ्ठी आली तेव्हा आमच्या मंडळींनी एका तोंडाने माझं नाव घेतलं. बोलायला दत्ताभाऊच पाहिजेत, म्हणाले.

बोलायला मी होतोच हो. अडचण ऐकण्याची होती.

माझा डावा कान चार-पाच वर्षांपूर्वीच कामातून गेला होता आणि उजवाही अर्ध्या पगारावर आल्यासारखा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या मुठीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला जाळत होती. मागच्या वर्षी मालकांशी करार झाला, तेव्हा त्यांचा माणूस नेमका माझ्या डाव्या बाजूला बसला होता. तो हळू आवाजात काहीतरी म्हणाला. मला शब्द कळला नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून मी नंदीबैलासारखी मान डोलावली. आठ दिवसांनी टाइप केलेला कागद आला, त्यात आमची संध्याकाळची चहाची सुट्टी गेली होती. त्या पंधरा मिनिटांत सगळे माग थांबायचे. दिवसभरात तेवढाच वेळ आम्ही एकमेकांशी तोंडाने बोलायचो. मंडळी अजून म्हणतात की मालकांनी फसवलं. मीही त्यांच्याबरोबर मालकांना शिव्या घालतो. हे असं पोटात घेऊन मी नेरुळला हायवेवर उतरलो.

शिरवणे

शिबिराची इमारत शिरवण्याच्या कडेला होती. माझ्या खोलीच्या गॅलरीतून एका बाजूला गावठाणातली एकमेकांना खेटलेली घरं आणि त्यांच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसायचे, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचे पत्रे. वाऱ्यावर कधी रसायनाचा वास यायचा, कधी तळलेल्या बोंबलाचा. आम्हा तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर पोसलेल्या माणसांना दोन्ही सारखेच नवे.

शिबिर म्हणजे व्यासपीठ, हारतुरे, पाहुण्यांचं भाषण, असं मी धरून गेलो होतो. खिशात माझं भाषणही होतं. बघतो तर हॉलमध्ये व्यासपीठच नव्हतं. खुर्च्या गोल मांडलेल्या. शिकवणाऱ्या बाई फिलिपिन्सच्या, नाव मारिसेल, अंगाने एवढीशी, पण पायात पॅरागॉन चप्पल घालून हॉलभर अशी फिरायची की माग दुरुस्त करत फिरणाऱ्या आमच्या जॉबरची आठवण व्हावी. तिने पहिल्याच तासाला सांगितलं, इथे भाषण कुणी करायचं नाही, मीसुद्धा नाही. माझ्या खिशातला कागद तिथेच निवर्तला.

ती इंग्रजीत बोलायची आणि आमच्यामागे बसून मराठीत सांगायला वंदना म्हात्रे होती. घणसोली गावातली मुलगी, तिशीतली, ऐरोलीच्या एका कंपनीतली नोकरी सोडून हे दुभाष्याचं काम करणारी. "काका, टेन्शन नका घेऊ, मी आहे ना," असं तिने आल्या आल्या सांगितलं आणि ती माझ्या डाव्या खांद्यामागे येऊन बसली. झालं. पहिला अर्धा दिवस माझ्या कानात निम्मे शब्द आणि निम्मा वारा, मग मी खुर्ची तिरकी करून उजवा कान तिच्याकडे केला.

मग मारिसेलने भिंतीवर मोठा कागद लावला. तुम्हाला इथे नीट शिकायला काय काय लागेल ते लिहा, म्हणाली. लोकांनी बिनदिक्कत लिहिलं. कुणी नमाजाची वेळ मागितली, कुणी पाठीला टेकू असलेली खुर्ची, श्रीलंकेच्या चहामळ्यातल्या बाईने दुपारी पाय वर करून बसायची परवानगी. मला गंमत वाटली. आपल्याकडे परक्या घरी पाण्याचा पेलासुद्धा तिसऱ्या आग्रहाला घ्यायचा असतो. मी माझ्या नावापुढे ठळक अक्षरांत लिहिलं, "काही नको." वर स्वतःवर खूशही झालो.

दुसऱ्या दिवशी सुताच्या गुंडीचा खेळ झाला. आपलं नाव सांगायचं, धाग्याचं टोक धरून ठेवायचं आणि गुंडी दुसऱ्याकडे फेकायची. वीस-पंचवीस माणसांचं जाळं होत आलं आणि मधेच धागा दोन ठिकाणी तुटला. लोक हसले. मी मात्र काही कळायच्या आत खुर्चीतून उठून टोकं हातात घेतली होती. पस्तीस वर्षांची सवय, तुटलेला धागा दिसला की हात थांबत नाहीत. त्याच क्षणी समोरून एक काळी टोपी घातलेला माणूस उठून आला आणि दुसरीकडे तुटलेली टोकं त्याने उचलली. दोघांच्या गाठी एकाच वेळी बसल्या. दोघांनीही उरलेलं सूत नखाने तोडलं. मग आम्ही एकमेकांच्या गाठी बघितल्या. तीच गाठ, तोच पेच, माझ्या बापाने मला शिकवलेला. मला भरून आलं, खरंच सांगतो.

तो असेप. इंडोनेशियात मजालया म्हणून गाव आहे, तिथे यंत्रमाग चालवणारा. मी खोलीवर जाऊन बघतो तर माझ्या शेजारच्या खाटेवर तोच बसलेला. त्याला हिंदी येत नव्हती, मला त्याचं काही येत नव्हतं आणि इंग्रजीच्या बाबतीत दोघंही कोरे. पण मागाच्या आवाजात बोलता येत नाही म्हणून विणकर हातांनी बोलतात, आणि ती भाषा दोघांनाही येत होती. दोन तर्जन्या जुळवून ओढल्या की धागा तुटला, हे दोन्हीकडे सारखंच निघालं. मालक आला, याला आम्ही कपाळावरची टोपी सरळ करतो, ते पोटावरून हात फिरवतात. आमच्यातली एक खूण त्याच्याकडे नव्हती, ती मी त्याला शिकवली. डोळ्याखाली बोट टेकवायचं आणि मग त्या माणसाच्या मागाकडे दाखवायचं. अर्थ असा की तू जा, तुझा माग मी बघतो. कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाला गावाकडून निरोप आला, तर शेजारचा एवढी खूण करतो आणि माणूस निर्धास्त निघतो. माझी बायको शालन लग्नाआधी आमच्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला यायची. मी तिला पहिल्यांदा जे बोललो ते हातांनीच, आणि काय बोललो ते इथे सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी मारिसेलने गटागटांना मोठे कागद दिले. गटातल्या एकाने कागदावर झोपायचं, बाकीच्यांनी त्याच्या कडेने पेन फिरवून माणूस काढायचा आणि आपल्या कामाने जिथे जिथे त्रास होतो तिथे ठिपका चिकटवायचा. ठिपक्यांसाठी वंदनाने शिरवण्याच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली होती, लाल, मरून, खड्यांची. असेपला टिकली म्हणजे काय हे समजावताना मी ती माझ्याच कपाळाला लावली, त्याचा फोटो आठही देशांत गेला आहे.

आमच्या गटात सगळे कापडवाले. असेप आडवा झाला, आम्ही त्याला काढला. डोळे काढले, नाक काढलं, हौसेने मिशीही काढली. मग टिकल्या. गुडघ्यांवर, कमरेवर, खांद्यांवर, सुताची धूळ जाते म्हणून छातीवर तर टिकल्यांचा सडा. सगळ्यांनी आमच्या माणसाचं कौतुक केलं. तेवढ्यात नेपाळची एक नर्स म्हणाली, "याचे कान कुठे आहेत?"

खरंच कान नव्हते. चार देशांतल्या सहा विणकरांनी मिळून माणूस काढला, त्याला मिशी दिली आणि कान काढायचे राहिले. हॉल हसला, आम्हीही हसलो. मी पेन घेऊन दोन्ही बाजूंना दोन कान काढले. टिकलीचं पाकीट माझ्या डाव्या हातातच होतं. ते मी तसंच खाली ठेवलं. दुखतंय कुठे कानाला, असं मनाशी म्हणालो. वंदना माझ्याकडे बघत होती, चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

चौथ्या दिवशी सकाळी भलतंच झालं. मी जागा झालो तो कुणीतरी हलवल्यामुळे. बघतो तर खोलीत वॉचमन, वंदना, नेपाळची नर्स आणि दारात निम्मं शिबिर. माझ्या उशाशी माझा गजर बोंबलत होता, पलीकडे असेपचा. दार अर्धा तास ठोठावून शेवटी दुसऱ्या किल्लीने उघडलं होतं. मी उजवा कान उशीत घालून झोपलो होतो. असेप उठून बसला आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांनीही दुसऱ्याच्या कानावर भरवसा ठेवला होता.

लोक गेल्यावर असेपने दोन तर्जन्या जुळवल्या, ओढून वेगळ्या केल्या आणि आपल्या दोन्ही कानांना हात लावला. धागा तुटला. मग माझ्याकडे बोट करून भुवया उंचावल्या. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मीही तर्जन्या जुळवल्या, ओढल्या आणि डाव्या कानाला हात लावला. पाच वर्षांत पहिल्यांदा मी हे कुणाला सांगितलं, तेही तोंड न उघडता. मग उशीर झाला म्हणून दोघंही अंघोळीला पळालो.

घणसोली

रविवारी सुट्टी होती. वंदनाने मला आणि असेपला घरी जेवायला नेलं. घणसोली गाव म्हणजे मागे उंच टॉवर आणि पुढे गल्ल्या अशा की समोरून हंडा घेऊन बाई आली तर आपण आडवं व्हावं. खाली दुकान, वर भाडेकरू, त्याच्या वर आणखी भाडेकरू, आणि मधल्या एका खोलीत वंदनाची आई.

"या बाबा, बसा. आमचे घरान कोनी उपाशी जात नाय," असं म्हणत तिने तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण आणि सुक्या जवल्याची चटणी वाढली. मी भाकरी म्हणजे ज्वारीची समजणारा माणूस, त्या पांढऱ्या मऊ भाकरीपुढे जरा बावरलो. असेपने मात्र जवल्याचा वास घेतला आणि डोळेच मिटले. त्याच्या घरीही भाताबरोबर अशी सुकी मासळी असते, असं त्याने हातांनी सांगितलं, छताची खूण करून आणि छातीला हात लावून. तीन भाकऱ्या खाल्ल्या पठ्ठ्याने.

वंदना आत गेली तशी तिची आई माझ्या डावीकडून उठली आणि चुपचाप उजवीकडे येऊन बसली. मी चमकलो.

"माझ्या मानसाचा कान बी तसाच व्हता," ती म्हणाली. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, तिकडे तिने बघितलं. "कंपनीन मोठा मशीन व्हता, त्याच्या बाजून वीस वरसा उभा ऱ्हायला. घरान बोललेलं आयकाचा नाय. आमी समजलो रागावलाय. मंग मी पन बोलनं कमी केला. पोरी पन गप. तो गेला, आनि मंग दागतर बोलला का त्याला आयकूच येत नवता." पदराने तिने ताटाची कड पुसली. "रागावलेला नवता रं बाबा तो. उगाच आमी त्याला येकला टाकला."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. शालन हल्ली कमी बोलते, हे माझ्या ध्यानात आलं होतं. वय झालं की बायका शांत होतात, असा त्याचा अर्थ मी लावला होता. काय हा माझा शहाणपणा! परत येताना रिक्षात वंदना आपणहून माझ्या उजवीकडे बसली आणि म्हणाली, "काका, मला पहिल्या दिवशीच डाउट आला होता. पण तुमी 'काही नको' लिहिलेलं ना, मग कसं बोलणार?"

पुन्हा शिरवणे

नवव्या दिवशी मालकांशी बोलणी करायचा सराव होता. आमच्यातलेच काही मालक झाले, काही कामगार. कामगारांच्या बाजूने मुख्य मी. मालक झालेला श्रीलंकेचा माणूस माझ्या डावीकडे येऊन बसला आणि हळू आवाजात, मोडक्या हिंदीत बोलायला लागला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! माझी मान आपोआप हलायला लागली होती. हललीच होती.

मी उठलो. भिंतीजवळ गेलो, पहिल्या दिवशीचा तो कागद अजून तिथेच होता. माझं "काही नको" खोडलं आणि लिहिलं, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या बाजूला बसून बोला. कळलं नाही तर मी पुन्हा विचारणार." मग वळून सगळ्यांना चहाच्या सुट्टीची गोष्ट सांगितली. मान डोलावल्यापासून ते मालकांना घातलेल्या शिव्यांपर्यंत, सगळी. माझा आवाज मोठा, पण मधेच फुटला. वंदना एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती आणि पुढे ते सहा भाषांत जात होतं, त्यामुळे माझी लाज हॉलच्या त्या टोकाला थोडी उशिराने पोचत होती.

मारिसेलने धीर दिला नाही की शाबासकी दिली नाही. तिने एवढंच विचारलं, "ही गोष्ट ऐकायचा हक्क खरा कुणाचा आहे?"

आमच्या कारखान्यातल्या माणसांचा, मी म्हणालो.

"मग हा सराव झाला," ती म्हणाली, आणि सगळ्यांना चहाला सोडलं.

चहाला असेप टिकलीचं पाकीट घेऊन आला. भिंतीवरच्या आमच्या मिशीवाल्या माणसाच्या दोन्ही कानांवर त्याने टिकल्या लावल्या, एक खड्याची. शेवटच्या दिवशी त्याची गाडी आधी निघाली. काचेतून त्याने डोळ्याखाली बोट टेकवलं आणि माझ्या कानाकडे दाखवलं. मी हसून हात हलवला, आणि गाडी वळल्यावर बराच वेळ तिथे उभा राहिलो.

इचलकरंजी

घरी पोचलो तेव्हा शालन भाजी निवडत होती. मी पिशवी ठेवली आणि तिच्यासमोर बसलो. "शालन, मला ऐकू येत नाही," म्हणालो.

"ठाव हाय की," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

"चार वर्सं झाली. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोलली न्हाई. हाका मारून मारून घसा सुकला, मग सोडून दिलं." ती देठ मोडत राहिली. "मला वाटलं, तुमालाच नको असंल माझं बोलणं."

मी तिचा हात धरला. माझ्या वयाच्या माणसाने भरदिवसा दार उघडं असताना बायकोचा हात धरणं आमच्या गल्लीत बसत नाही. मग चहाच्या सुट्टीचंही सांगितलं. हे तिला ठाऊक नव्हतं. भाजी बाजूला सारून ती म्हणाली, "लोकांस्नी सांगा. आणि शिव्या दिल्या तर खावा."

सुट्टीच्या दिवशी संघटनेच्या खोलीत मंडळी जमली. नवी मुंबईची मजा ऐकायला आली होती. मी आमच्याच मागावरचं कापड जमिनीवर अंथरलं, आप्पा विणकराला त्यावर झोपवलं आणि माणूस काढायला सांगितलं. डोळे काढले, नाक काढलं, आप्पाची टोपी काढली. टिकल्यांसाठी शालनचं पाकीट आणलं होतं. गुडघे, कंबर, छाती, सगळं भरलं, आणि कान? आमच्याही लोकांचे कान काढायचे राहिलेच.

मग मी कान काढले, डाव्यावर टिकली लावली आणि मान डोलावल्याची गोष्ट सांगितली. तिथे टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एकजण उठून चप्पल घालून निघून गेला. दुसरा म्हणाला, वर्षभर आम्ही उभ्याने चहा पितोय तुमच्या लाजेपायी. मी म्हणालो, बरोबर आहे. माझं पद काढा, असंही म्हणालो. शेवटी आप्पा कमरेवर हात ठेवून उठला, स्वतःच्याच चित्राजवळ गेला आणि उजव्या कानावर टिकली लावली. "माझा बी गेलाय," म्हणाला. "पण पद तुमीच ठेवा. आन् बोलणीला तुमच्या डाव्या अंगाला मी बसतो, तुमी माझ्या उजव्या अंगाला. दोघांत दोन कान झाले की." यावर मात्र सगळे हसले. मालकांना पत्र गेलं. पहिली मागणी चहाची सुट्टी, दुसरी सगळ्यांचे कान तपासायची.

हे लिहितोय तो बोलणीचा दिवस आहे. आप्पा खाली रस्त्यावर उभा आहे. मघाशी कपडे करताना मी शर्टाची बटणं वरखाली लावली, शालनने ती पुन्हा लावून दिली. मी म्हणालो, भीती वाटतीय गं, पुन्हा काही चुकलं तर?

तिने हाक मारली नाही, की ओरडून धीर दिला नाही. तीस वर्षांपूर्वी कांड्यांची टोपली कमरेवर घेऊन उभी राहायची तशी माझ्यासमोर उभी राहिली. डोळ्याखाली बोट टेकवलं आणि तेच बोट माझ्या डाव्या कानावर ठेवलं.

तुम्ही जा. मी बघते.